ट्रॅक हाही सर्किटचाच घटक: दोन मीटर बँडच्या अ‍ॅम्प्लिफायरचं मॅचिंग आणि बोर्ड

बोर्डाचं चित्र आणि भागांची यादी पाठवून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. आरडी१५एचव्हीएफ१ हा मॉस्फेट, १२.५ व्होल्टचा पुरवठा, १४५ मेगाहर्ट्झ (हौशी रेडिओचा दोन मीटर बँड). हँडसेटमधून अर्धा वॅट आत देऊन १० वॅट बाहेर काढायचे आहेत. बोर्ड दोन थरांचा, एफआर४ (काचतंतू-इपॉक्सीचा नेहमीचा लॅमिनेट), जाडी १.६ मिमी. आरएफचे (रेडिओ फ्रिक्वेन्सीचे) सगळे ट्रॅक ३ मिमी रुंद ठेवलेत, कारण कॅल्क्युलेटरने ५० ओहमसाठी तेवढी रुंदी सांगितली. सिम्युलेशनमध्ये १० वॅट दिसतात. प्रत्यक्षात डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) ३ वॅट मिळतात, ट्रान्झिस्टर २ अँपिअर ओढतो आणि हीटसिंकला हात लावता येत नाही. ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) फिरवताना पॉवर एकदम उडी मारते. विचारलंय असं की, ट्रॅकची रुंदी चुकली का, की एफआर४ सोडून महागाचा लॅमिनेट घ्यायला हवा?

लॅमिनेट बदलू नका. १.६ मिमी एफआर४वर ३ मिमी म्हणजे ५० ओहम, हेही बरोबर आहे. फक्त ५० ओहमचा ट्रॅक जिथे टाकलाय तिथे ५० ओहमचं काही कामच नाही. ट्रान्झिस्टरच्या ड्रेनपासून (जिथून पॉवर बाहेर येते तो पाय) मॅचिंगच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरला हवा तो लोड ५० ओहमपासून घडवणाऱ्या जोडणीच्या, शेवटच्या कपॅसिटरपर्यंतचा तांब्याचा तुकडा हा नुसता जोडणारा ट्रॅक नसतो, तो मॅचिंगचाच एक घटक असतो. तो तुम्ही हिशेबात धरला नाही. २५ वॅट आत जाऊन ३ बाहेर येतात, म्हणजे उरलेल्या २२ वॅटची उष्णता होते. यातला बराच वाटा त्या न मोजलेल्या तांब्याचा आहे.

ड्रेनला नेमकं काय हवंय ते बघू. पुरवठा १२.५ व्होल्ट. ड्रेनचा व्होल्टेज शून्यापर्यंत खाली येत नाही, दीडेक व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःकडे ठेवतो. म्हणजे हेलकाव्याला मिळाले ११ व्होल्ट. १० वॅट हवे असतील तर लोड = ११ चा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट, म्हणजे १२१ ÷ २० = ६.०५ ओहम. या हिशेबात ट्रान्झिस्टरचा आतला रेझिस्टन्स कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. कॉलेजात शिकलेला कमाल पॉवर ट्रान्सफरचा सिद्धान्त (पॉवर देणाऱ्या सोर्सचा आणि लोडचा रेझिस्टन्स समान ठेवा) इथे लावून अनेकजण फसतात. तो सिद्धान्त खरा आहे, पण त्यात सोर्सला व्होल्टेजची किंवा करंटची मर्यादा धरलेली नाही. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या मर्यादाच आधी आड येतात, म्हणून लोड त्यांच्यावरून ठरवायचा. छोट्या सिग्नलच्या अ‍ॅम्प्लिफायरला कॉन्ज्युगेट मॅच (रेझिस्टन्स तोच, रिअ‍ॅक्टन्सचं चिन्ह उलटं) ठीक, रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्याला कमीत कमी नॉइजचा मॅच ठीक, पण पॉवर काढायची असेल तर हा ६ ओहमचाच हिशेब.

आता ६.०५ ओहमचे ५० करायचे. साधं एल-नेटवर्क घेऊ: ड्रेनकडून सीरिजमध्ये कॉइल, ५० ओहमच्या बाजूला ग्राउंडकडे कपॅसिटर. क्यू (रिअ‍ॅक्टन्स आणि रेझिस्टन्स यांचं गुणोत्तर) = (५०/६.०५ − १) चं वर्गमूळ, म्हणजे २.७. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स (एसीला होणारा विरोध) २.७ × ६.०५ = १६.३ ओहम, कपॅसिटरचा ५० ÷ २.७ = १८.५ ओहम. १४५ मेगाहर्ट्झवर कॉइल होते १८ नॅनोहेन्रीची आणि कपॅसिटर ५९ पिकोफॅरडचा.

१८ नॅनोहेन्री हा आकडा नीट मनात ठेवा. ५ मिमी ड्रिलवर गुंडाळलेले, थोडे सैल सोडलेले दोन वेढे म्हणजे एवढी कॉइल. आता तुमचा ट्रॅक बघा. १.६ मिमीच्या बोर्डावर, खाली सलग ग्राउंड असताना, ३ मिमी रुंद ट्रॅकचा इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण ०.३ नॅनोहेन्री असतो. १ मिमी रुंद ट्रॅकचा अर्धा नॅनोहेन्री. १० मिमी रुंद पट्ट्याचा जेमतेम ०.१४. तुमच्या लेआउटमध्ये ड्रेनच्या पायापासून कॉइलच्या पॅडपर्यंत २० मिमीचा ३ मिमी रुंद ट्रॅक आहे. म्हणजे ६ नॅनोहेन्री. कॉइल हवी होती १८ ची, सिम्युलेशनमध्ये १८ ची घातली, प्रत्यक्षात ती २४ ची झाली. हे ६ नॅनोहेन्री १४५ मेगाहर्ट्झवर साडेपाच ओहम होतात. ड्रेनला शुद्ध ६ ओहम दिसायचे, त्याऐवजी ६ ओहम आणि वर जवळजवळ तेवढाच इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्स दिसतोय. तरंगलांबीच्या दृष्टीने पाहिलं तर तुमचा ट्रॅक चिमूटभर आहे (बोर्डावर १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सव्वा मीटरच्या थोडी आत असते, त्यात २० मिमी म्हणजे ६ अंश). म्हणूनच ‘इतक्या छोट्या ट्रॅकने काय होतंय’ असं वाटतं. ५० ओहमच्या जगात खरोखरच काही होत नाही. ६ ओहमच्या जगात तोच तुकडा सगळं बिघडवतो.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझा पहिला व्हीएचएफ बोर्ड घरी टोनर ट्रान्सफर करून फेरिक क्लोराइडमध्ये काढलेला होता. ड्रेनपासून १ मिमीचा ट्रॅक छान वळण घेत कॉइलपर्यंत गेला होता, लांबी १४ मिमी. कॉइलचे वेढे प्लास्टिकच्या काडीने ताणत गेलो की पॉवर वाढायची. अजून ताणली, अजून वाढली. शेवटी दोन वेढ्यांची जवळपास सरळ तार झाली, तरी पॉवर वाढतच होती. पॉवरचा माथा आधीच सापडायला हवा होता, तो पुढे कुठेतरी राहिला होता. त्या दिवशी मला कळलं की ट्रॅकनेच ७ नॅनोहेन्री खाल्ले होते आणि कॉइलसाठी शिल्लक ११ होते. दोन वेढे काढून केसांच्या पिनेसारखा एक वाकडा तुकडा लावला आणि माथा मधोमध आला. तेव्हापासून माझा नियम आहे: ट्यूनिंग करताना कॉइल किंवा ट्रिमर टोकाला पोचला आणि पॉवर अजून वाढतेच आहे, तर भागाला दोष न देता आधी बोर्डावरचं तांबं मोजायचं.

तुमच्या बोर्डावर आत्ता, नवा बोर्ड न काढता, काय करता येईल? ड्रेनच्या पायापासून कॉइलपर्यंतच्या ट्रॅकवर तांब्याची पातळ पट्टी, ८-१० मिमी रुंद, डाग देऊन बसवा. इंडक्टन्स जवळपास निम्मा होतो. किंवा ट्रॅक आहे तसा ठेवा आणि कॉइल १२ नॅनोहेन्रीची करा. दुसरा उपाय सोपा आहे आणि पूर्णपणे शास्त्रशुद्धही आहे. ट्रॅकला कॉइलचा भाग म्हणून मान्य केलं एवढंच. मात्र ट्रॅकवर नुसता कथलाचा जाड थर चढवू नका. ते करून फायदा होत नाही, कारण मायक्रोस्ट्रिपमध्ये (खाली सलग ग्राउंड असलेल्या अशा ट्रॅकमध्ये) बहुतेक करंट ट्रॅकच्या खालच्या, ग्राउंडकडच्या पृष्ठभागातून वाहतो आणि १४५ मेगाहर्ट्झला तांब्यात तो साडेपाच मायक्रॉन खोलीपर्यंतच उतरतो. तुमच्या बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉनचं आहे, म्हणजे ते आधीच पुरेसं जाड आहे.

मग ५० ओहमची रुंदी कुठे पाळायची? जिथे दोन्ही टोकांना ५० ओहम आहेत तिथे: मॅचिंगच्या शेवटच्या कपॅसिटरपासून लो-पास फिल्टरपर्यंत आणि तिथून एसएमए सॉकेटपर्यंत, तसंच इनपुट सॉकेटपासून गेटच्या मॅचिंगपर्यंत. तिथेही ट्रॅक दोन-तीन सेंटीमीटरचा असेल तर ३ ऐवजी २.५ मिमी झाल्याने १४५ला फरक दिसत नाही. काटकोनातल्या वळणाचा कोपरा कापावा की नाही, यावर तासन् तास वाद होतात. या फ्रिक्वेन्सीला तो प्रश्नच नाही. २.४ गिगाहर्ट्झला मात्र पाव तरंगलांबी १७ मिमीवर येते, तिथे प्रत्येक मिलिमीटरला किंमत आहे. एफआर४चंही तसंच. त्याचा लॉस टॅन्जंट (लॅमिनेट किती ऊर्जा खातो ते सांगणारा आकडा) ०.०२ च्या आसपास असतो. ५ सेंटीमीटरच्या लाइनमध्ये १४५ला त्यामुळे डेसिबलच्या काही शतांशांइतकं नुकसान होतं, २.४ गिगाहर्ट्झला डेसिबलचा तिसरा हिस्सा तरी जातो. महाग लॅमिनेटचे पैसे तिथे वसूल होतात, इथे नाही.

आता मोजणं. ज्याच्याकडे नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स मिळून, मोजणारं छोटं यंत्र) आहे त्याने अंदाजावर राहू नये. पॉवर चालू असताना ट्रान्झिस्टरचा इम्पीडन्स नॅनोव्हीएनएने मोजता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला तर यंत्र जळेल. पण नेटवर्क मोजता येतं, आणि आपल्याला हवंय तेच. ट्रान्झिस्टर काढून ठेवा. ड्रेनच्या पॅडवरून जवळच्या ग्राउंडला १२ ओहमचे दोन ०८०५ आकाराचे (बिनपायांचे, सुमारे २ मिमी लांब) रेझिस्टर समांतर लावा, म्हणजे ६ ओहम झाले. त्यांच्याच शेजारी ट्रान्झिस्टरच्या आउटपुट कपॅसिटन्सइतका एक सीओजी कपॅसिटर (तापमानाने न बदलणारा, कमी नुकसानीचा सिरॅमिक) लावा. आकडा डेटाशीटमध्ये मिळेल. ड्रेनचा चोक (डीसी जाऊ देणारी, आरएफ अडवणारी कॉइल) आणि त्याचे डीकपलिंग कपॅसिटर जागेवर असू द्या, पुरवठा अर्थातच बंद. मग आउटपुट सॉकेटला नॅनोव्हीएनए जोडून आत बघा. नेटवर्क बरोबर असेल तर १४५ला स्मिथ चार्टवरचा (इम्पीडन्सच्या गोल आलेखावरचा) ठिपका मधोमध, ५० ओहमवर बसेल. नसेल तर तो कोणत्या बाजूला सरकलाय त्यावरून कॉइल जास्त झाली की कपॅसिटर, ते लगेच समजतं. या पद्धतीत सॉकेटपाशी साधं कॅलिब्रेशन पुरतं, म्हणून मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. उलट बाजूने, म्हणजे ड्रेनच्या पॅडला कोअ‍ॅक्सचा तुकडा लावून ६ ओहम थेट वाचण्याची पद्धतही आहे, पण त्यात कॅलिब्रेशन त्या तुकड्याच्या टोकाशी करावं लागतं आणि शिल्डची मोकळी शेपटी ५ मिमी राहिली तरी तिचे दोन-तीन नॅनोहेन्री मोजमापात मिसळतात.

एक सावधगिरी. या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये झेड-आउट दिलेला असतो आणि पुढे तारांकन असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की, हा आउटपुट इम्पीडन्सचा कॉम्प्लेक्स कॉन्ज्युगेट आहे. म्हणजे तुमच्या नेटवर्कने ड्रेनला तोच आकडा दाखवायचा आहे, चिन्ह बदलायचं नाही. त्या आकड्याचं पुन्हा कॉन्ज्युगेट घेऊन डिझाइन केलेले बोर्ड मी पाहिलेत. तो आकडा दिलेल्या पॉवरचा आणि फ्रिक्वेन्सीचा असतो, हेही बघून घ्या. १५ वॅटसाठीचा आकडा १० वॅटला तंतोतंत लागू पडत नाही.

दोन टप्प्यांचं मॅचिंग करावं का, असंही विचारलं होतं. मधला इम्पीडन्स ६.०५ आणि ५० चा भूमितीय मध्य, म्हणजे १७.४ ओहम घेतला तर प्रत्येक टप्प्याचा क्यू १.३७ होतो. बँड रुंद होतो, ट्यूनिंग कमी नाजूक होतं. मात्र नुकसान कमी होईल ही अपेक्षा ठेवू नका. एका टप्प्यात २.७, दोन टप्प्यांत १.३७ दोनदा, बेरीज तीच. कॉइलचा स्वतःचा क्यू ५० असेल तर दोन्हीकडे पाचेक टक्के पॉवर कॉइलमध्येच जाते. १४४ ते १४६ एवढ्याच बँडसाठी मी एकच टप्पा ठेवीन.

ग्राउंडवर मला जास्त वेळ थांबायचंय, कारण लेआउटच्या चित्रात मला खरी चिंता तिथे वाटली. ५९ पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा ग्राउंडकडचा पॅड एकाच व्हायाने (बोर्डाचे दोन थर जोडणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या भोकाने) खाली गेलाय. १.६ मिमी बोर्डातला अर्धा मिमीचा व्हाया म्हणजे सव्वा नॅनोहेन्रीच्या थोडा आत. १४५ला त्याचा रिअ‍ॅक्टन्स एक ओहम. १८.५ ओहमच्या कपॅसिटरसोबत एक ओहम चालून जाईल, कपॅसिटर थोडा मोठा झाल्यासारखा वागेल इतकंच. पण तोच एक ओहम ट्रान्झिस्टरच्या सोर्समध्ये (ग्राउंडला जोडलेल्या पायात) आला तर तो इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडच्या करंटच्या वाटेत बसतो. गेन खाली येतो, इनपुट मॅच हलतो. आरडी मालिकेत मधला पाय आणि मागचा धातूचा टॅब दोन्ही सोर्सच असतात, ही मोठी सोय आहे. टॅब थेट हीटसिंकवर, अभ्रक (इन्सुलेशनची चकती) न घालता बसवा. पण हीटसिंक आणि बोर्डाचं ग्राउंड ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना स्क्रूने एकत्र आवळा. तुमच्या चित्रात सर्वांत जवळचा स्क्रू ४ सेंटीमीटर लांब आहे. मधला सोर्सचा पाय बोर्डाला टेकतो तिथे शक्य तितका आखूड ठेवून सहा-आठ व्हायांच्या गर्दीवर डाग द्या.

(आयआरएफ५१० वापरून शॉर्टवेव्हचे अ‍ॅम्प्लिफायर केलेल्यांसाठी: त्यात पायांचा क्रम गेट, ड्रेन, सोर्स असतो आणि टॅब ड्रेनला असतो. म्हणून अभ्रक घालावाच लागतो, आणि त्या चकतीमुळे ड्रेन आणि हीटसिंक यांच्यात दोन अंकी पिकोफॅरडची भर पडते. शॉर्टवेव्हवर खपून जाते. त्याच जागी आरडी मालिकेतला ट्रान्झिस्टर बसवायचा तर पायांचा क्रमही बदलतो, बोर्ड तोच वापरता येत नाही.)

दुसरी गोष्ट. खालच्या थरावर बायसचा (गेटला डीसी व्होल्टेज देणारा) एक बारीक ट्रॅक आउटपुट लाइनच्या बरोबर खालून आडवा गेलाय आणि त्याच्यासाठी ग्राउंडमध्ये चीर पडलीय. वरून जाणाऱ्या आरएफ करंटचा परतीचा करंट ट्रॅकच्या थेट खालून, ग्राउंडमधून वाहतो. चीर आली की त्याला तिच्या टोकापर्यंत वळसा घालून यावं लागतं. त्या वळशाचा इंडक्टन्स लाइनमध्ये जमा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे चिरेच्या कडेला असलेल्या बायसच्या ट्रॅकमध्ये आरएफ शिरते. तो ट्रॅक थेट गेटकडे जातो. आउटपुटमधून इनपुटकडे तुम्ही नकळत वाट बांधून दिलीय. तो ट्रॅक आजच कापा आणि त्याऐवजी वरून इन्सुलेटेड वायरचा जंपर, हीटसिंकच्या बाजूने लांबून न्या.

आता ती उडी. ट्रिमर हळू फिरवताना पॉवर हळू बदलली पाहिजे. ती झटक्यात उडी मारत असेल आणि परत फिरवताना वेगळ्याच जागी खाली येत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर ऑसिलेट करतोय. इनपुट काढून, सॉकेटला ५० ओहमचा टर्मिनेटर लावून फक्त बायस द्या. वॉटमीटरची सुई हलली किंवा हात जवळ नेल्यावर ड्रेनचा करंट बदलला तर खात्रीच. बहुतेक वेळा हे ऑसिलेशन १४५ला नसून खूप खाली, एक-दोन मेगाहर्ट्झला असतं, कारण मॉस्फेटचा गेन खाली जाताना वाढत जातो. तुमच्या यादीत ड्रेनचा चोक १० मायक्रोहेन्रीचा आणि पाठीमागे फक्त १ नॅनोफॅरड आहे. या दोघांचा रेझोनन्स येतो १.६ मेगाहर्ट्झला. तिथे ड्रेनला कोणता लोड दिसतो याचा विचारच झालेला नाही.

मोठा चोक घेतला की काम चांगलं होतं असं नाही. ६ ओहमच्या लोडला चोकचा रिअ‍ॅक्टन्स १०-१५ पट असला की पुरे. १०० नॅनोहेन्रीला ९१ ओहम मिळतात. जाड एनॅमल वायरची हवेतली कॉइल करा, डीसीचा करंटही विनात्रास जाईल. पाठीमागे १ नॅनोफॅरड (आपल्या एखाद-दुसऱ्या नॅनोहेन्रीच्या जोडणीसकट तो १४५च्या आसपासच रेझोनेट करतो, म्हणजे तिथे उत्तम ग्राउंड देतो), त्यानंतर फेराइट मण्यातून पुढे १०० नॅनोफॅरड आणि शेवटी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा रेझिस्टन्स इथे उपयोगी पडतो, खालचे रेझोनन्स तो मंदावतो. गेटच्या बायसलाही मोठा चोक न लावता ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर लावा. थोडा गेन जाईल. जाऊ द्या, या ट्रान्झिस्टरचा गेन १७५ मेगाहर्ट्झला १४ डेसिबल आहे आणि तुम्हाला हवाय १३. अर्ध्याऐवजी पाऊण वॅट ड्राइव्ह द्यावा लागला तरी स्थिर अ‍ॅम्प्लिफायर केव्हाही बरा.

कपॅसिटरबद्दल थोडं. १० वॅटला ५० ओहमवर २२.४ व्होल्ट आरएमएस असतात. १८.५ ओहमच्या कपॅसिटरमधून १.२ अँपिअर आरएमएस वाहतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या मिळणाऱ्या सिरॅमिक चकत्या इथे लावू नका. त्यांचा डायइलेक्ट्रिक कोणता हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तापून स्वतःच्याच पायांचा डाग वितळवून बाजूला कललेला कपॅसिटर मी डोळ्यांनी पाहिलाय. सीओजीच घ्या आणि एकाऐवजी दोन लावा: लाइनच्या एका बाजूला २७, दुसऱ्या बाजूला ३३ पिकोफॅरड. करंट वाटला जातो, ग्राउंडचा इंडक्टन्स निम्मा होतो, आणि दोन्ही बाजूंनी परतीचा करंट सारखा राहतो.

पुढचा बोर्ड काढाल तेव्हा ड्रेनच्या पायाखालूनच १० मिमी रुंद तांब्याचा पट्टा सुरू करा आणि कॉइल त्याच्या टोकाशी, ६-७ मिमीवर लावा. कॉइलनंतरची ५० ओहमची लाइन १५ मिमी तरी सरळ ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंना, एका ०८०५ कपॅसिटरची लांबी बसेल एवढ्या अंतरावर ग्राउंडचं तांबं समांतर चालवा आणि या सगळ्या भागावरचा सोल्डर मास्क उघडा ठेवा. बाजूच्या ग्राउंडला दर ४-५ मिमीवर व्हाया. मग कपॅसिटर एका ठरावीक पॅडवर अडकून राहत नाही, डाग मऊ करून लाइनवर मागेपुढे सरकवता येतो. ५ मिमी सरकवला की दीड नॅनोहेन्रीचा फरक पडतो. नॅनोव्हीएनएवर ठिपका मधोमध आला की तिथेच डाग पक्का करायचा, दोन्ही १२ ओहमचे रेझिस्टर आणि त्यांच्या शेजारचा सीओजी कपॅसिटर काढायचा आणि मगच ट्रान्झिस्टर बसवायचा.